जहाजावरची ग्रॅच्युइटी



मागच्या महिन्यात गुरुवारच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका मावशींनी पिशवीतून घडी केलेला कागद काढला आणि सतरंजीवर पसरला. मावशी बदलापूरच्या जवळच्या गावातल्या. सकाळच्या वेळी त्या बदलापुरातल्या एका मोठ्या संकुलात चार घरांची धुणी-भांडी करतात. त्यांची लेक अंबरनाथला एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या ऑफिसात कामाला आहे. आईने कधी समुद्र आतून पाहिला नाही, म्हणून लेकीने पैसे साठवून मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या जहाजाची सहल ठरवली. दोघी मिळून जाणार होत्या. तो कागद म्हणजे त्या सहलीचं बिल.

खोली, जेवण, कर, सगळं मावशींना कळलं. एका ओळीपाशी मात्र त्या अडल्या. तिथे लिहिलं होतं, 'ग्रॅच्युइटी', दर माणशी, दर रात्री अमुक इतके रुपये.

ग्रॅच्युइटी हा शब्द मावशींना चांगला ठाऊक होता. त्यांच्या यजमानांनी अंबरनाथच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं काम केलं. निवृत्त झाले तेव्हा ग्रॅच्युइटीचा चेक आला आणि त्यातूनच घरावरचे पत्रे जाऊन स्लॅब पडला. आज यजमान नाहीत, स्लॅब आहे. म्हणून मावशींनी सरळ विचारलं, "नोकरी त्या पोरांची, जहाज मालकाचं, आणि त्यांची ग्रॅच्युइटी मी भरायची? हे कसं काय?"

आम्ही सगळ्या हसलो. मग गप्प झालो, कारण उत्तर कोणालाच देता येईना. शोध घ्यायचा ठरलं, आणि शोधता शोधता आम्ही जहाजावरून गावच्या खळ्यावर, खळ्यावरून गिरणगावात आणि तिथून अमेरिकेच्या रेल्वेत जाऊन पोचलो. ते सगळं आज तुम्हाला सांगतो.

आधी साधं उत्तर. जहाजावरच्या सहलीत 'ग्रॅच्युइटी' म्हणजे टिप. आपल्याकडच्या कारखान्यातली ग्रॅच्युइटी ती वेगळी. इंग्रजीत शब्द एकच आहे आणि त्याचा मूळ अर्थ आहे खुशीने दिलेली रक्कम, म्हणजे आपलं बक्षीस. म्हणजे यजमानांना मिळालेला तो चेक आणि जहाजावरच्या पोराची टिप, दोन्ही एकाच घरातून निघाले. एक पुढे हक्क झाला, दुसरी बक्षीसच राहिली. असं का झालं, हीच आजची गोष्ट.

खुशीने देण्याचे आपल्या मराठीत किती शब्द आहेत ते एकदा मोजून बघा. बहिणीला ओवाळणी. लग्नात आहेर. ब्राह्मणाला दक्षिणा आणि शिधा. गाणाऱ्याला, कीर्तनकाराला बिदागी. शिमग्याला आणि दिवाळीला दारात येणाऱ्याला पोस्त. गाड्याला, हमालाला बक्षिसी. कचेरीतल्या शिपायाला चिरीमिरी किंवा चहापाणी, त्यात खुशी किती आणि नाइलाज किती ते ज्याचं त्याला माहीत. आमच्या उल्हासनगरच्या गटात एक सिंधी दादी आहेत, त्यांनी त्यांचा शब्द सांगितला, खर्ची. पाहुणे म्हणून आलेले वडीलधारे जाताना पोरांच्या हातात जे पैसे ठेवतात ती खर्ची.

हे शब्द एका ओळीत ठेवले की एक गोष्ट दिसते. ओवाळणीत आणि खर्चीत नातं आहे. बिदागीत गुणाचा मान आहे. पण पोस्त आणि बक्षिसी ज्याला मिळते त्याचा हात खाली असतो, आणि तो वर्षभर काहीतरी काम करत असतो.

बदलापूरच्या नावाबद्दल आपल्याकडे सांगतात की जुन्या वाटेवर इथे घोडे बदलत, म्हणून बदलापूर. नावाची ही कथा लोकांच्या तोंडची आहे, पण वाटेवरच्या गावांचं जगणं तसंच असे. थकलेला घोडा सोडायचा, ताजा बांधायचा, पाणी दाखवायचं, स्वाराला वाट सांगायची. स्वार निघताना काहीतरी हातावर ठेवी. किती, ते त्याच्या मनावर. १८५४ साली रेल्वे कल्याणपर्यंत आली आणि १८५६ साली पुढे खोपोलीपर्यंत गेली, ती याच आपल्या अंबरनाथ-बदलापूरच्या वाटेने. घोड्यांचं काम संपलं. हमाल आले, आणि देणं-घेणं पुन्हा तसंच सुरू झालं.

गावात मात्र देण्याची मोठी रीत होती ती बलुत्याची. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार, महार, मांग असे बलुतेदार गावाचं काम वर्षभर करत आणि खळ्यावर धान्य मळून झालं की प्रत्येक कुणबी त्यांना वाटा देई. जुन्या माणसांना विचारलं तर ती म्हणतात, किती छान होतं, पैशाचं नाव नाही, सगळे एकमेकांना धरून. आमच्या गटातल्या ज्यांच्या घरात बलुतं देत होते त्या असं म्हणाल्या. ज्यांच्या घरात बलुतं मागायला जात होते त्या काही बोलल्या नाहीत. एक जण नंतर एवढंच म्हणाली, "माझी आजी सांगायची, खळ्यावर सगळ्यात शेवटी उभं राहायला लागायचं."

महार वतनाचं तर फार वाईट होतं. काम किती, याला मोजमाप नाही. सरकारी निरोप पोचवा, सारा वसुलीला लोकांना बोलावून आणा, रात्री गस्त घाला, मेलेलं जनावर ओढा. वतनदार घरी नसला तर घरातल्या दुसऱ्या कोणाला जावं लागे. मोबदला म्हणजे थोडी वतनाची जमीन, आणि बाकी गाव देईल ते. गाव रागावलं की बलुतं बंद. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन एक वर्ष झालं होतं. त्यांचं म्हणणं आज ऐकलं तरी अगदी घरगुती हिशेबाचं वाटतं. कामं ठरवून द्या, मोबदला ठरवून द्या, आणि बलुतं गावकऱ्यांच्या दारात जाऊन मागायला लावू नका, त्याचे पैसे करून सरकारने साऱ्याबरोबर वसूल करावेत आणि वतनदाराला द्यावेत. पैसे तेच, देणारे तेच. फक्त मधला तो हात पसरण्याचा प्रकार काढून टाका. एवढ्यालाही विरोध झाला. ते विधेयक तेव्हा पास झालं नाही. वतनं गेली ती मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्याने, तोपर्यंत बाबासाहेब राहिले नव्हते.

तुम्ही म्हणाल जहाज कुठे गेलं. येतंय.

खेड्यातून माणसं मुंबईला गिरण्यांत गेली. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्यांना भरपूर नफा झाला, महागाईही फार वाढली, तेव्हा मालकांनी पगारावर जादा रक्कम द्यायला सुरुवात केली. तिला बोनस म्हणू लागले. चार-पाच वर्षं मिळाली की माणूस ती रक्कम धरून चालतो. गावाकडचं कर्ज, लेकीचं लग्न, सगळं त्यावर. १९२३ सालचा बोनस मालकांनी दिला नाही. १९२४ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि मार्चपर्यंत बाहेर राहिले. सरकारने मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश मॅक्लाउड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने सांगितलं, बोनसवर कामगारांचा हक्क नाही, कायद्याने नाही, रूढीने नाही आणि न्यायाच्या दृष्टीनेही नाही. मालकाने दिला तर दिला. म्हणजे बक्षीस.

संप मोडला. त्या दोन-अडीच महिन्यांत गिरणगावातल्या चुली कशा पेटल्या असतील हे कोणत्या अहवालात नसतं. आपल्याला अंदाज करायला अहवाल लागत नाही.

पुढे चाळीस वर्षं लढे झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि १९६५ साली बोनसचा कायदा झाला. नंतर त्यात किमान बोनस ८.३३ टक्के ठरला. हा आकडा कुठून आला असं आम्हाला नेहमी वाटायचं. गटाच्या हिशेबनीस मुलीने वहीवर करून दाखवलं. वर्षाचा पगार शंभर धरा, त्याला बाराने भागा, ८.३३ येतात. म्हणजे एका महिन्याचा पगार. घरकामाला जाणाऱ्या आपल्या बाया दिवाळीला "एक महिन्याचा बोनस" मागतात, तो आकडा हवेतून आलेला नाही.

ग्रॅच्युइटीचंही तेच. आधी मालक जुन्या विश्वासू माणसाला निवृत्तीच्या वेळी खुशीने काही रक्कम देई. कुणाला देई, कुणाला नुसता हार. कामगार भांडत राहिले, केरळने १९७० साली आणि पश्चिम बंगालने १९७१ साली आपापला कायदा केला, आणि १९७२ साली देशभराचा कायदा आला. पाच वर्षं नोकरी झाली की दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. महिना सव्वीस दिवसांचा धरायचा. समजा शेवटचा पगार १३,००० रुपये आणि नोकरी २० वर्षं. १३,००० ला २६ ने भागलं की दिवसाचे ५००, पंधरा दिवसांचे ७,५००, आणि वीस वर्षांचे १,५०,०००. अंबरनाथची काडेपेटीची विमको कंपनी असो, ऑर्डनन्स फॅक्टरी असो, की रसायनांचे कारखाने असोत, या पट्ट्यातल्या कितीतरी घरांची कौलं आणि लग्नं अशा रकमांवर झाली. नाव मात्र तेच जुनं राहिलं, ग्रॅच्युइटी, खुशीचं देणं. आता त्यात कोणाच्या खुशीचा संबंध नाही. नाही दिली तर मागता येते, आणि मागणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही.

आता जहाज.

आपल्या कोकणपट्टीचा आणि आगबोटीचा संबंध जुना आहे. भाऊच्या धक्क्यावरून बोटी सुटत आणि रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला करत गोव्याकडे जात. बऱ्याच बंदरांत बोट काठाला लागत नसे. पडावातून उतरायचं, आणि पुष्कळदा खलाशी बायकापोरांना उचलून कोरड्यावर ठेवत. तिथेही हातावर काहीतरी ठेवावं लागे. मोठ्या आगबोटी वेगळ्याच. विलायतेला जाणाऱ्या इंग्रजी कंपन्यांच्या बोटींवर डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान खलाशी असत आणि जेवणघरात, खोल्यांत गोव्याचे स्टुअर्ड. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गोवेकरांच्या गावोगावच्या कूड असत, म्हणजे बोट मिळेपर्यंत राहायच्या खोल्या. याच कामाला युरोपियन खलाशाला जो पगार मिळे त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर या माणसांना ठेवलं जाई. उरलेलं साहेब-मेमसाहेबांच्या बक्षिसीवर.

आणखी एक बोट आपल्या भागाला विसरता येणार नाही. १९४७-४८ साली कराचीहून मुंबईला जहाजांनी जी सिंधी कुटुंबं आली त्यांतल्या हजारोंना कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकीत ठेवलं. त्याच कल्याण कॅम्पला ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी उल्हासनगर नाव दिलं. आमच्या दादी तेव्हा पाच-सहा वर्षांच्या. त्यांना आठवतं ते पेट्यांवर बसून केलेलं येणं, आईची उलटी, आणि धक्क्यावर हमालाने मागितलेले पैसे. आईने बांगडी काढायला घेतली, तर त्या हमालाने हात जोडले आणि सामान तसंच बाहेर नेऊन ठेवलं. दादी म्हणतात, "उसने हमको खर्ची दी." पुढे त्यांच्या आईने बराकीत पापड लाटले, त्यांचे भाऊ लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटं विकत. कुणी फुकट दिलं तर घ्यायचं नाही, असा आईचा हुकूम होता. ही गोष्ट आम्ही बैठकीत दोनदा ऐकली, तिसऱ्यांदाही ऐकू.

जहाजावर केवळ फिरायला जाण्याची चाल आता आपल्याकडेही आली आहे. २०१८ साली मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' नावाची बोट सुरू झाली, कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याचं नाव. त्यानंतर याहून मोठी जहाजंही मुंबईहून सुटू लागली. पण जगातली बडी सहल-जहाजं बहुतेक अमेरिकन प्रवाशांसाठी चालतात, आणि टिपेची त्यांची पद्धत अमेरिकेतून आली आहे.

टिपेची रीत मुळात युरोपची. इंग्लंडात बड्या घरी जेवायला गेलं की निघताना नोकर ओळीने उभे राहत आणि प्रत्येकाच्या हातावर नाणं ठेवावं लागे. पाहुणे इतके कंटाळले की १७६०च्या सुमारास ही चाल बंद करायची मोहीम निघाली, आणि नोकरांनी दंगा केला. दंगा का करणार नाहीत, त्यांच्या पगाराचा तो मोठा भाग होता.

अमेरिकेत हीच चाल गुलामगिरी संपल्यावर रुजली. तिथली गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. मोकळ्या झालेल्या काळ्या माणसांना काम हवं होतं. पुलमन नावाच्या कंपनीने रेल्वेत झोपायचे डबे काढले होते. गाद्या घालणं, बूट पुसणं, सामान उचलणं या कामाला तिने ही माणसं घेतली. पगार अगदी तुटपुंजा ठेवला आणि सांगितलं, बाकी प्रवासी देतील. प्रवासी त्यांना नावानेही हाक मारत नसत. मालकाचं नाव जॉर्ज पुलमन, म्हणून सगळ्यांना 'जॉर्ज'. गावकीतली हाक आठवते ना?

१९२५ साली या हमालांनी संघटना काढली, पुढारी होते ए. फिलिप रँडॉल्फ. कंपनीचे खबरे सगळीकडे. सभेला गेलेला दिसला की नोकरी गेली. मग बायका पुढे आल्या. वॉशिंग्टनमध्ये रोझिना टकर नावाची बाई, हमालाची बायको. ती घरोघर जाऊन वर्गणी गोळा करायची, बैठका घ्यायची, नवरे कामावर असताना. कंपनीला कळलं तेव्हा तिच्या नवऱ्याला काढून टाकलं. रोझिना सरळ वरिष्ठाच्या ऑफिसात गेली, टेबलावर हात आपटला आणि विचारलं, मी काय करते याच्याशी माझ्या नवऱ्याच्या नोकरीचा काय संबंध? त्याला परत कामावर घेतलं. १९३७ साली कंपनीला संघटनेशी करार करावा लागला. पगार वाढला, कामाचे तास ठरले. आमच्या गटात हे वाचून दाखवलं तेव्हा बचत गटाची वर्गणी गोळा करणाऱ्या दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

एवढं होऊनही अमेरिकेत टिपेची चाल गेली नाही. १९०९ साली वॉशिंग्टन राज्याने टिपेवर बंदीचा कायदा केला, आणखी काही राज्यांनी केला, १९२६ पर्यंत सगळे रद्द झाले. आज तिथे टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचा देशपातळीवरचा किमान दर तासाला २.१३ डॉलर आहे, आणि तो १९९१ पासून वाढलेला नाही. बाकी गिऱ्हाईक देईल, आणि कमी पडलं तर मालकाने भर घालावी असा नियम आहे.

बडी सहल-जहाजं तर त्या कायद्याच्याही बाहेर. मालक अमेरिकेत, प्रवासी अमेरिकन, पण जहाजाची नोंदणी बहामा किंवा पनामा अशा देशात, म्हणजे कायदाही तिथला. काम करणारी पोरं फिलिपिन्सची, इंडोनेशियाची, आपली. महिनोन्‌महिने सुट्टीशिवाय काम. जहाजावरच्या मजुरीचा आंतरराष्ट्रीय करार २००६ साली झाला, २०१३ पासून लागू झाला, भारतानेही तो २०१५ साली स्वीकारला. त्याने कामाचे तास, विश्रांती, लेखी करार, घरी परत पाठवायचा खर्च हे ठरलं. पण वाढप्याच्या आणि खोली आवरणाऱ्याच्या मिळकतीत टिपेचा वाटा मोठाच राहिला. पूर्वी शेवटच्या रात्री प्रवासी पाकिटं वाटत. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कंपन्यांनी ती रक्कम बिलातच धरायला सुरुवात केली. परदेशी जहाजांवर ती दर माणशी, दर दिवशी साधारण १५ ते २० डॉलर असते. वाढपी, खोली आवरणारे, आणि आपल्याला दिसतही नाहीत ते भांडी घासणारे, कपडे धुणारे अशांत ती वाटली जाते.

मावशींच्या कागदावरची ओळ ती ही.

मग करायचं काय? आम्ही चौकशी करून मावशींना सांगितलं ते असं. सहल ठरवतानाच विचारायचं की टिप भाड्यात धरली आहे का वेगळी. धरली असेल तर पुन्हा प्रत्येकाला द्यायची सक्ती नाही, आणि तसं कुणी म्हटलं तरी ओशाळायचं नाही. काही जहाजांवर ती रक्कम काउंटरवर सांगून कमी करता येते. तक्रार असेल तर तक्रार करावी, पण उगाच पैसे वाचवायला ती काढू नये, कारण ती कापली तर मालकाचं काही जात नाही, खालच्या पोराचं जातं. पेयांच्या बिलात सेवेचे पैसे बहुधा आधीच लावलेले असतात, बिल नीट वाचावं. खोली आवरणाऱ्याने खास मदत केली तर शेवटच्या दिवशी त्याच्या हातात पाकीट द्यावं, उशीवर सोडून येऊ नये. कप्तानाला आणि अधिकाऱ्यांना टिप देत नाहीत, त्यांना तो अपमान वाटतो. (मावशी म्हणाल्या, मग खालच्यांना का वाटत नसेल? आमच्याकडे उत्तर नव्हतं.) जपानसारख्या देशात टिप देतच नाहीत, दिली तर लोक अवघडतात. आणि आपल्या इथल्या हॉटेलात बिलावर 'सर्व्हिस चार्ज' आपोआप लावता येत नाही, ग्राहक प्राधिकरणाने २०२२ साली तसं सांगितलं आणि दिल्ली हायकोर्टाने २०२५ च्या मार्चमध्ये ते उचलून धरलं. तिथे खुशी असेल तर वेटरच्या हातात द्या.

आमच्यात यावर वादही झाला. एकीचं म्हणणं, आपण कशाला मालकाची भर घालायची, टिप देणं बंद केलं की पगार वाढेल. दुसरी म्हणाली, तुझ्या दिवाळीच्या पोस्तीला कुणी असं म्हणालं तर? आम्हाला दुसरीचं पटतं. पगार वाढायचा तेव्हा तो कामगार एकत्र आल्याने वाढला, रोझिनाने टेबलावर हात आपटल्याने वाढला. गिऱ्हाइकाने पाकीट मिटल्याने वाढल्याचं आम्हाला कुठे आढळलं नाही.

घरकामाच्या बायांचं गाडं अजून त्या जुन्याच वळणावर आहे. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, नोंदणी होते, ती जरूर करून घ्या. पण दिवाळीचा बोनस कायद्याने लागत नाही. कोणी महिन्याचा पगार देतं, कोणी अर्धा, कोणी साडी. आमच्यातल्या एकीला अकरा वर्षं काम केलेल्या घरातून एका दिवाळीला मिठाईचा पुडा मिळाला, तोही त्यांच्याकडे भेट म्हणून आलेला, वरची चिठ्ठी काढायची राहून गेली होती. तिने तो पुडा घरी उघडलाच नाही. शेजारच्या पोरांना दिला.

मावशी सहलीहून आल्या. समुद्र कसा, जेवण कसं, सगळं सांगून झालं. त्यांची खोली आवरणारा मुलगा गुहागरकडचा निघाला. मराठी ऐकून रोज दोन मिनिटं थांबायचा. मावशींनी त्याला विचारलं, घरी पैसे किती पाठवतोस, आई काय करते. निघताना पाकीट दिलं, त्यात पैसे आणि लेकीकडून लिहून घेतलेली चिठ्ठी, की खोली स्वच्छ होती आणि तू आईसारखी काळजी घेतलीस. त्याने पैसे खिशात घातले आणि चिठ्ठी दोनदा वाचली, असं मावशी सांगत होत्या.

त्याच आठवड्यात मावशींनी आपल्या चारही घरी दिवाळीच्या आधीच विषय काढला. साडी नको, एक महिन्याचा पगार द्या, आणि दर वर्षी तेवढाच द्या म्हणजे मला धरून चालता येईल. हिशेबनीस मुलीने त्यांना बाराने भागायचा हिशेब कागदावर करून दिला होता, तोही त्यांनी दाखवला. दोन घरांनी लगेच हो म्हटलं. तिसऱ्या घरातल्या बाईंनी आपण ज्या कंपनीत काम करतो तिथेही हाच आकडा आहे म्हणून कागद ठेवून घेतला. चौथ्या घरात, "बघू" म्हणालेत. मावशी पुढच्या महिन्यात पुन्हा विचारणार आहेत, आणि या वेळी त्याच मजल्यावर काम करणाऱ्या आणखी दोघी त्यांच्याबरोबर जाणार आहेत.